प्रत उतरून घेणारे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. त्यामागून ग्रंथ येतात, पंथ येतात, चळवळी येतात. परंतु मनुष्याने आपली अवजारे कशी घडविली, आणि त्या अवजारांनी उलट मनुष्यामनुष्यांमधील संबंध कसे घडविले, हाही इतिहासाचाच भाग होय. आज ज्या अवजाराविषयी मी बोलणार आहे ते इतके लहान आहे की त्यावर तासभर व्याख्यान द्यावे याचे कित्येकांना नवल वाटेल. त्याला चित्र नाही, खिडकी नाही, दाबावयाचे बटण नाही. संगणकाच्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ लिहावयाची, आणि दूरच्या एखाद्या यंत्रात साठविलेले लेख आपल्या यंत्रात उतरून घ्यावयाचे, एवढेच त्याचे काम. अशा साधनांपैकी एकाचे नाव ‘एनएनटीपीगेट’, दुसऱ्याचे ‘सक’, तिसऱ्याचे ‘स्लर्नपुल’. नावे कानाला गोड नाहीत हे खरे. पण अवजारांची नावे गोड असावीत असा नियम कोठे आहे?

या चिमुकल्या साधनांच्या पोटात मात्र एक मोठा प्रश्न दडलेला आहे. लोकांनी लोकांसाठी जे लिहिलेले असते, ते राखावयाचे कोणी? ज्याचे कोठार मोठे आहे त्याने, की ज्याला ते वाचावयाचे आहे त्याने? या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेल्या हकीकतीवरून काढावे, हे अधिक बरे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

१९७९ सालची गोष्ट. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरॅम या शहरी ड्यूक विद्यापीठ आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर चॅपल हिल येथे त्या राज्याचे विद्यापीठ आहे. ड्यूकमध्ये टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोघे पदवीनंतरचे शिक्षण घेत होते. चॅपल हिलला स्टीव्ह बेलोव्हिन हा तिसरा होता. त्या काळी दूरदूरचे संगणक जोडणारे आर्पानेट नावाचे जाळे अमेरिकेत होते; पण ते संरक्षणखात्याच्या पैशावर उभे होते, आणि त्या खात्याशी संबंध असलेल्या संस्थांनाच त्याचे दार उघडे होते. ड्यूक आणि चॅपल हिल ही त्या पंगतीच्या बाहेर राहिलेली मंडळी होती.

पंगतीत पान मिळाले नाही म्हणून या तरुणांनी आपली चूल निराळी मांडली. बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीबरोबर ‘यूयूसीपी’ नावाची एक सोय येत असे; तिची मूळ रचना माइक लेस्क याची. एका यंत्राने साध्या टेलिफोनवरून दुसऱ्या यंत्राला नंबर फिरवून बोलवावे आणि आपल्याजवळच्या फायलीची प्रत तिकडे पोचवावी, इतके ती करी. या सोयीच्या आधारावर बेलोव्हिनने एक छोटी आज्ञावली लिहिली. ड्यूकचे एक यंत्र, चॅपल हिलचे एक, आणि ड्यूकच्याच शरीरक्रियाशास्त्र विभागातील एक, अशी तीन यंत्रे आरंभी जोडली गेली. पुढे स्टीव्हन डॅनियल याने ती आज्ञावली ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिली, आणि जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांचे जे संमेलन भरले, तेथे जिम एलिसने या जाळ्यात सामील होण्याचे निमंत्रण सर्वांस दिले. या जाळ्याचे नाव यूझनेट. ‘गरिबाचे आर्पानेट’ असे त्याला गमतीने म्हणत. आणि त्या गमतीत पुष्कळसे सत्य होते.

गरिबी किती, याची कल्पना येण्यासाठी एक हिशेब पाहा. त्या वेळच्या टेलिफोन-जोडणीचा वेग सेकंदाला सुमारे ३० अक्षरांचा होता. दोन हजार अक्षरांचे एक पान या गावाहून त्या गावी पोचावयास मिनिटाहून अधिक वेळ लागे. आणि दूरच्या गावाशी टेलिफोनवर बोलणे महाग. म्हणून ही यंत्रे बहुधा रात्री, दर उतरल्यावर, एकमेकांशी बोलत. गाव झोपला म्हणजे यंत्राने शेजारच्या यंत्राला हाक मारावी, आपल्याजवळचे नवे लेख त्याला द्यावेत, त्याच्याजवळचे आपण घ्यावेत, असा हा व्यवहार चाले.

आता या व्यवहारातील मर्म ध्यानात घ्यावयास हवे. यूझनेटला राजधानी नव्हती. न्यूजग्रूप म्हणजे विषयवार मांडलेल्या चावड्या म्हणा. एक युनिक्सची, एक गणिताची, एक खेळांची. पण ही चावडी कोणत्याही एका गावात नव्हती. जेथे जेथे यंत्र जोडलेले, तेथे तेथे त्या चावडीची संपूर्ण प्रत असे. तुम्ही ड्यूकमध्ये लेख लिहिलात की तो आधी ड्यूकच्या यंत्रावर राही. रात्री त्याची प्रत शेजाऱ्याकडे जाई. त्या शेजाऱ्याकडून त्याच्या शेजाऱ्याकडे. विहिरीवरची वार्ता जशी घरोघर पोचते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तोंडची वार्ता पोचता पोचता बदलते. येथे अक्षरन् अक्षर तेच राही.

तोच लेख दोन वाटांनी येऊन दोनदा साठविला जाऊ नये, यासाठी एक साधी युक्ती होती. प्रत्येक लेखावर एक ओळखक्रमांक असे, जगात दुसऱ्या कोणत्याही लेखावर नसलेला. आणि ‘पाथ’ या नावाच्या ओळीत तो लेख कोणकोणत्या यंत्रांतून आला, त्यांची नावे एकापुढे एक लिहिलेली असत. आपण पाहिलेल्या ओळखक्रमांकांची वही प्रत्येक यंत्र ठेवी, आणि त्या वहीत असलेला लेख पुन्हा घेत नसे. त्या युक्तीचे महत्त्व पुढे कळून येईल. कारण लेख उतरून घेणारी सर्व साधने याच ओळखक्रमांकावर उभी आहेत.

दिवसाकाठी मूठभर लेख येतील, अशा अजमासाने पहिली आज्ञावली लिहिली होती. अजमास सपशेल चुकला. लेखांचा असा लोंढा आला की ती पद्धत पुरेना. १९८१ च्या सुमारास बर्कली येथे मार्क हॉर्टन हा विद्यापीठातला विद्यार्थी आणि मॅट ग्लिकमन हा हायस्कुलात शिकणारा मुलगा, या दोघांनी ती सगळी नव्याने रचली. जागा अपुरी पडू लागली म्हणून जुने लेख ठराविक मुदतीनंतर आपोआप पुसून टाकण्याची व्यवस्था रूढ झाली. साधारणतः पंधरवडा, कोठे त्याहून कमी, कोठे अधिक. यूझनेटवर लिहिलेले पाण्यावरच्या रेघेसारखे आहे, आज आहे उद्या नाही, हीच लिहिणाऱ्यांची समजूत होती. ही समजूत आपण लक्षात ठेवू; तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

लोंढ्याबरोबर खर्चही आला. टेलिफोनची बिले कोणी भरावयाची? काही मोठ्या संस्था आणि कंपन्या, उदाहरणार्थ डीईसी ही संगणक बनविणारी कंपनी, दूरदूरच्या यंत्रांशी बोलण्याचा भार सोसत. युरोपाशी होणारा व्यवहार ॲमस्टरडॅम येथील गणितसंस्थेच्या यंत्रावरून होई. जो बिल भरतो त्याच्या शब्दाला वजन येते, हा जगाचा न्याय येथेही चुकला नाही. १९८६-८७ मध्ये मोठी यंत्रे सांभाळणाऱ्या मंडळींनी सर्व न्यूजग्रूपांची नावे बदलून त्यांची सात घराण्यांत फेरमांडणी केली. वायफळ किंवा वादाचे वाटणारे समूह ज्यांना वाहून न्यावयाचे नसतील त्यांना ते सहज वगळता यावेत, हे त्याचे एक कारण होते. लगेच १९८७ मध्ये ज्यांना हा कारभार रुचला नाही त्यांनी ‘ऑल्ट’ नावाचे स्वतंत्र घराणे स्थापिले. मालक नसलेल्या गावातही पाणीपट्टी कोण भरतो यावरून पुढारपण कसे ठरते, आणि पुढारपण जाचू लागले की लोक नवी वस्ती कशी वसवितात, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

याच सुमारास ती घटना घडली जिच्यातून आपले आजचे साधन जन्मास आले. फेब्रुवारी १९८६ मध्ये सॅन डिएगो येथील ब्रायन कॅंटर आणि बर्कली येथील फिल लॅप्सली यांनी ‘एनएनटीपी’ नावाची एक संभाषणपद्धती प्रसिद्ध केली. एकाच विद्यापीठात दहा यंत्रे असतील, तर दहाही ठिकाणी सगळ्या लेखांच्या प्रती ठेवून जागा का अडवावी? एका यंत्रावर साठा ठेवावा, आणि बाकीच्यांनी हवा तो लेख हवा तेव्हा त्याच्याकडे मागावा, असा त्यांचा विचार. ज्या यंत्रावर साठा असतो ते न्यूज सर्व्हर. म्हणजे घरोघरी रांजण भरण्याच्या जागी आळीत एक हौद आला.

ही संभाषणपद्धती इतकी साधी आहे की ती कोणासही समजावी. ग्राहक-यंत्र सर्व्हरला हाक मारते. सर्व्हर उत्तरात २०० हा आकडा देतो, म्हणजे ‘या, तयार आहे’. ग्राहक म्हणतो, अमुक समूह दाखवा. सर्व्हर २११ हा आकडा आणि त्यापुढे तीन संख्या सांगतो: लेख अंदाजे किती, पहिल्याचा अनुक्रमांक कोणता, शेवटच्याचा कोणता. ग्राहक म्हणतो, अमुक लेख द्या. तो असला तर २२० म्हणून सर्व्हर लेख वाचून दाखवितो, आणि लेख संपला याची खूण म्हणून एका ओळीवर नुसता एक ठिपका देतो. लेख नसला तर त्यासाठी निराळा आकडा. निरोप घेताना २०५. वाण्याच्या दुकानातही याहून थोडक्यात व्यवहार होत नाही!

या संभाषणात दोन आज्ञा अशा आहेत की त्यांत दोन स्वभाव दिसतात. एक ‘आयहॅव’, म्हणजे ‘माझ्याजवळ हा लेख आहे, हवा का?’ ही देणाऱ्याची भाषा. दुसरी ‘न्यून्यूज’, म्हणजे ‘अमक्या दिवसापासून नवे काय आले?’ ही मागणाऱ्याची भाषा. पहिलीत लेख पुढे ढकलला जातो, दुसरीत तो ओढून आणला जातो. यूझनेट जन्मले ते ढकलण्याच्या रीतीने. शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावे. पण शेजारी होण्यासाठी मान लागे. तुमचे यंत्र दिवसरात्र चालू असले पाहिजे, आणि कोणीतरी मोठ्याने तुम्हाला आपल्या यादीत घेतले पाहिजे. ज्याच्याजवळ घरातला एक संगणक आणि अर्ध्या तासाचा टेलिफोन, त्याला कोण शेजारी म्हणणार?

त्याच्यासाठी ओढून आणणारी साधने झाली. १९९२ मध्ये रिच सॉल्झ याने ‘आयएनएन’ नावाची सर्व्हरची नवी आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या पेटीत ‘एनएनटीपीगेट’ हे साधन असते. त्याला सर्व्हरचे नाव सांगावयाचे आणि हव्या असलेल्या लेखांचे ओळखक्रमांक पुरवावयाचे; ते एकेक लेख मागून घेते आणि तुमच्या हवाली करते. एखादी फाइल शेवटी कधी बदलली ती वेळ पाहून ‘तेव्हापासून नवे काय’ असेही ते विचारू शकते, आणि सांगितल्यास तीच वेळ पुढच्या खेपेसाठी सुधारून ठेवते. पुढे १९९० च्या दशकात ‘सक’ आले, ‘लीफनोड’ आले, ‘स्लर्न’ या वाचनसाधनाच्या जोडीला ‘स्लर्नपुल’ आले.

‘सक’ची रीत पाहिली म्हणजे बाकीच्यांचीही कल्पना येते. एका साध्या फाइलीत समूहांची नावे लिहिलेली असतात, आणि प्रत्येक नावापुढे आपण उतरून घेतलेल्या शेवटच्या लेखाचा अनुक्रमांक. साधन सर्व्हरला विचारते, आता शेवटचा क्रमांक कोणता? आपल्या फाइलीत १२०० आणि सर्व्हर म्हणतो १२४०, तर मधले चाळीस मागावयाचे. उतरून झाले की फाइलीत १२४० लिहून ठेवावयाचे. आधीपासून आपल्या वहीत असलेला ओळखक्रमांक आला तर तो सोडून द्यावयाचा. मध्येच टेलिफोन तुटला तर कोठवर आलो याची नोंद ठेवावयाची, म्हणजे पुढच्या खेपेस तेथूनच आरंभ करता येतो. आणि आपण लिहिलेली उत्तरे परत पाठविण्यासाठी त्याच्याबरोबर दुसरे एक साधन असते. पाच-दहा मिनिटांत हे सगळे आटोपून टेलिफोन ठेवावयाचा, आणि मग निवांतपणे, पैशाचा काटा फिरत नसताना, वाचावयाचे, विचार करावयाचा, उत्तर लिहावयाचे.

अमेरिकेत गावातल्या गावात टेलिफोनला बहुधा मिनिटागणिक पैसे पडत नसत, युरोपात पडत. म्हणून युरोपातील वाचकाला अशा साधनांचे मोल अधिक वाटले यात नवल नाही. ‘लीफनोड’चा उगम नॉर्वेतला, आणि त्याची पुढची जोपासना जर्मनीत झाली. गरज ही शोधाची जननी म्हणतात. येथे टेलिफोनचे बिल ही जननी ठरली.

या साधनांना आणखी एका गोष्टीने महत्त्व आणले. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने, अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याच्या आपल्या धंद्याची जाहिरात हजारो न्यूजग्रूपांत एकदम घुसविली. फुकटात केलेल्या त्या जाहिरातीचा खर्च वाचकांच्या माथी बसला. कारण ती उतरून घेण्याचा वेळ त्यांचा. तेव्हा काही साधनांत अशी सोय होती की आधी लेखाचा मथळा व लेखकाचे नाव एवढेच मागावे, ते नापसंत असेल तर पुढचा मजकूर मागूच नये. काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचा निवाडा वाचकाच्या हाती राहिला.

आपल्याकडे या जाळ्याचे दार मुंबईत जुहूला उघडले. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनासाठीचे जाळे हाती घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः तो विभाग, आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था, असे त्याचे आरंभीचे आठ घटक. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी होते, आणि परदेशाशी होणारी पत्रांची देवघेव आरंभी त्या संस्थेतूनच होई. तीही त्याच यूयूसीपीच्या, टेलिफोनवरून फाइल पोचविण्याच्या, जुन्या रीतीने. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. आणि त्यातील स्वस्त जोडणी निव्वळ अक्षरांची, आज्ञा लिहून चालवावयाची होती.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांना मात्र ही चावडी त्याआधीच सापडली होती. भारतीयांसाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन’ हा समूह होता, आणि पुढे मराठीसाठी त्याची निराळी शाखा निघाली. तेथे एक अडचण मोठी होती. त्या काळचे जाळे इंग्रजी टंकलेखनयंत्रावर मावतील तेवढीच चिन्हे भरवशाने वाहून नेई. देवनागरीला तेथे वाट नव्हती. म्हणून मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई, आणि त्यातून ‘आयट्रान्स’सारखी, रोमन अक्षरांवरून देवनागरी छापण्याची पद्धत पसरली. हिंदी चित्रपटगीतांचे शब्द अशा लिपीत उतरवून त्यांचा मोठा संग्रह न्यूजग्रूपवरील हौशी मंडळींनी जमविला. लिपी नसली तरी भाषा अडून बसत नाही, याचे हे एक उदाहरण.

आता मी त्या समजुतीकडे येतो, जी लक्षात ठेवा असे मघाशी म्हणालो होतो. यूझनेटवरील लेख पंधरवड्याने पुसला जातो, ही ती समजूत. मग आज आपण त्याचा इतिहास सांगतो आहोत तो कशाच्या आधारावर?

कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे गृहस्थ संगणकाचे काम पाहत. त्यांच्या यंत्राचे नाव ‘यूटीझू’. जेफ कॉलियर यांच्याबरोबर त्यांनी १९८७ मध्ये न्यूज सर्व्हरची एक आज्ञावली लिहिली होती, त्यामुळे जुने लेख पुसण्याची व्यवस्था त्यांना इतरांहून चांगली ठाऊक होती. पण १९८१ पासून १९९१ पर्यंत, आपल्या यंत्रावर आलेले लेख पुसण्याआधी ते चुंबकीय फितीवर उतरून ठेवीत गेले. दहा वर्षांत १४१ फिती झाल्या. त्यांत वीस लाखांहून अधिक लेख आहेत. हे काम कोणी त्यांना नेमून दिले नव्हते. त्यासाठी कोणते मंडळ नव्हते, अनुदान नव्हते. पुढे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातील डेव्हिड वाइजमन आणि इतर काही जणांनी त्या जुन्या फितींवरील मजकूर नव्या साधनांवर वाचून काढला.

तिकडे १९९५ मध्ये ‘डेजा न्यूज’ नावाची कंपनी यूझनेटचे लेख कायम साठवू लागली. तिचा धंदा पुढे चालला नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये तिचा साठा गूगलने विकत घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पेन्सरच्या फिती आणि इतरांनी राखलेले संग्रह त्यात मिळवून वीस वर्षांचे सुमारे ७० कोटी लेख लोकांसाठी खुले झाले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन याने मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला तो लेख. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली याने वर्ल्ड वाइड वेबची माहिती दिली तो लेख. त्याच महिन्याच्या २५ तारखेला लिनस टॉर्व्हाल्ड्स याने, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, असे कळविले तो लेख. असे लेख आज इतिहासाची मूळ साधने मानले जातात. ते लिहिले गेले त्या दिवशी मात्र ते पंधरवड्याचे पाहुणे होते.

आणि जेथे कोणी प्रत उतरून घेतली नाही तेथे काय झाले? त्या संग्रहातील सर्वांत जुने लेख मे १९८१ चे आहेत. त्याआधीचे, म्हणजे ज्या दीड वर्षात हे जाळे जन्मले आणि रांगू लागले, त्या दीड वर्षातील लेख त्यात नाहीत. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या आठवणींवरच तेथे विसंबावे लागते. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्याला वाटत होते की हे चार दिवसांचे बोलणे आहे. विशीतला एखादा विद्यार्थी रागाच्या भरात काही लिहून गेला, आणि वीस वर्षांनी ते कोणाच्याही हाती पडले, तर हा न्याय झाला का? यूझनेटमध्ये आपला लेख मागे घेण्याची सोय होती; पण ती सर्व्हरवरच्या प्रतीला लागू पडे, आणि तीही सर्व्हर मानील तर. ज्याने तो आधीच उतरून घेतला त्याच्या घरातली प्रत कशी पुसणार? साठवणूक सुरू झाल्यावर, माझा लेख संग्रहात ठेवू नका, असे सांगणारी एक ओळ लेखाच्या माथ्यावर लिहिण्याची प्रथा पडली. पण ती पुढच्यांसाठी. मागे लिहून गेलेल्यांना ती उपयोगी पडली नाही.

हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. प्रत उतरून घेणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा शब्द येतो, तेव्हा त्याबरोबर जबाबदारीही येते. परंतु याच आक्षेपातून दुसरी एक गोष्ट निघते. घरोघरच्या वाचकांनी आपापल्या आवडीचे चार समूह आपापल्या यंत्रावर ठेवले, तर त्यातून कोणाच्या आयुष्याची झडती घेणे कठीण. सगळे लेख एकाच कोठारात, एकाच शोधयंत्राच्या हाताखाली आले की नाव टाकताच माणूस उघडा पडतो. तेव्हा भीती प्रतीची कमी, एकवटलेल्या कोठाराची अधिक.

आणि कोठारावर भरवसा तरी किती ठेवावा? आपापल्या ग्राहकांसाठी न्यूज सर्व्हर चालविणाऱ्या कंपन्यांनी एकेक करून ते बंद केले. अमेरिकेतील एओएल कंपनीने २००५ मध्ये ही सेवा थांबविली. लेखांच्या जागी चित्रपट व संगीताच्या अवजड फायली तुकडे करून पाठविल्या जाऊ लागल्या, त्यांचा भार साठविणे परवडेना. आणि सांगावयास हवे की ते तुकडे गोळा करून जोडण्यासही आज्ञेच्या ओळीवर चालणारी साधनेच वापरली गेली. हत्याराला पापपुण्य नसते. ते धरणाऱ्या हाताला असते. ज्या ड्यूक विद्यापीठात यूझनेट जन्मले त्याने आपला सर्व्हर मे २०१० मध्ये बंद केला. आणि ज्या गूगलने वीस वर्षांचा संग्रह खुला केला होता, त्याने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूझनेटचे नवे लेख घेणे थांबविले. जुने तेवढे पाहावयास ठेवले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. विद्यापीठ असो वा कंपनी, ज्याला कोठार चालविण्याचा खर्च आहे तो एक दिवस हिशेब करणारच.

यूझनेट मात्र संपलेले नाही. लहानमोठे न्यूज सर्व्हर आजही चालू आहेत. १९८६ ची ती संभाषणपद्धती ऑक्टोबर २००६ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. पण तिचा गाभा तोच आहे. ‘या, तयार आहे’ म्हणणारे २०० आणि निरोपाचे २०५ जसेच्या तसे आहेत. लेखाच्या शेवटी तोच एकटा ठिपका आहे. म्हणून त्या काळी लिहिलेली लेख उतरून घेणारी साधने आजही चालतात. ज्या साधनाचे काम एका वाक्यात सांगता येते, ते लवकर म्हातारे होत नाही.

श्रोतेहो, या हकीकतीतून निघणारा धडा संगणकापुरता नाही. लोकांचे लिहिणे राखण्याचे काम सरकारने करावे, विद्यापीठांनी करावे, कंपन्यांनी करावे, हे सर्व योग्यच आहे. परंतु त्यांनी ते केले नाही, किंवा अर्ध्यावर सोडले, तर काय, याचे उत्तर नागरिकांजवळ असावे लागते. टोरांटोच्या त्या गृहस्थाजवळ ते होते. १४१ फिती, आणि पुसण्याआधी उतरून ठेवण्याची सवय, एवढेच त्याचे भांडवल. आज आपली पत्रे, आपल्या संस्थांचे अहवाल, आपल्या गावातील वादविवाद हे सगळे कोणाच्या तरी दूरच्या कोठारात आहे, आणि ते तेथे सुखरूप आहे असे आपण धरून चाललो आहोत. ते सुखरूप असेलही. पण कोठाराचे दार एखाद्या सकाळी उघडले नाही तर, आपल्या घरी एक प्रत आहे का, हा प्रश्न ज्याने त्याने आजच स्वतःला विचारावा.